मालकाने भाडं वाढवलं, सरकारी भाड्याचं घर पाहू का? मदत हवी आहे

चोपड्याचा_जळगावात: मालक म्हणतो पुढच्या महिन्यापासून १,५०० जास्त, नाहीतर खोली खाली करा. कामगारांसाठी सरकारी भाड्याची घरं असतात, तिथे भाडं मनाला येईल तसं वाढवत नाहीत, असं कंपनीत ऐकलं. ते पाहू की इथेच राहू? रविवारी उत्तर द्यायचंय.

तापीकाठ: करार आहे का? मुदत संपली की चालू? नोंदणी झालीय?

पारोळेकर: भो, घाबरू नको. १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा आहे. वर्षाला ४ टक्क्यांच्या वर वाढवताच येत नाही. धुळ्यात काकांच्या दुकानाला तेवढंच वाढतं.

तापीकाठ: दादा, ते जुन्या भाडेकरूंचं. लीव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीसाठी राहायच्या परवानगीचा करार) असेल तर करारात लिहिलं तेच. मुदत संपल्यावर राहिला तर दुप्पट रक्कम लागू शकते, कलम २४. पोराला अडकवू नका.

पारोळेकर: कागदावर नाव काहीही द्या, राहणारा भाडेकरूच. कोर्टात जाऊ दे मालकाला.

केळीबाग: भाडं वर्षाला १ लाखाच्या वर गेलं तर मालकाचा पॅन घेऊन ठेव, घरभाडे भत्त्याला लागतो.

चोपड्याचा_जळगावात: मला भत्ता नाही. करार नोटरीचा आहे, दिवाळीत संपतो. वाढीचं काही लिहिलेलं नाही.

तापीकाठ: हे आधी सांगायचं ना! मग मधेच वाढ कशी मागतो? कलम ५५ प्रमाणे नोंदणी करणं मालकाचं काम. नोंदणी नसेल तर अटींबाबत तुझं म्हणणं धरतात, तो उलट सिद्ध करेपर्यंत.

वरणगावकर: कोणाचं तरी घरकुल घे भाड्याने, स्वस्तात मिळतं.

भुसावळची_ताई: आणि उद्या लाभार्थ्याने बाहेर काढलं तर हातात कागद कुठला? भाऊ, तू ऐकलंस ती २०२० ची केंद्राची योजना असावी, शहरात कामाला आलेल्यांसाठी भाड्याची संकुलं. तिथे दर २ वर्षांनी ८ टक्के वाढ, ५ वर्षांत मिळून २० टक्क्यांपर्यंतच. पण उत्पन्नाची अट आहे, आणि जळगावात असं संकुल आहे का हे आधी महापालिकेत विचार. शिवाय सरकारच्या किंवा पालिकेच्या मालकीच्या घराला भाडे नियंत्रण कायदा लागूच होत नाही. भाडं कमी असलं तरी त्या कायद्याचा आधार तिथे नाही, हे लक्षात ठेव.

चोपड्याचा_जळगावात: मालक नोंदणीला तयार झाला, पण खर्च तू कर म्हणतो. किती येईल?

तापीकाठ: महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००, मुद्रांक एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के. डिपॉझिटचाही थोडा हिशेब धरतात. ऑनलाइन होतं. पुढची वाढ किती ते त्यातच लिहून घे. डिपॉझिट किती दिलंयस?