आवारात देशी झाडं आणि जवळचाच दगड: हट्ट की शहाणपण?

माळीबुवा
नव्या इमारतींची आवारं बघा. तेच पाम, तीच आयती अंथरलेली हिरवळ, दुसऱ्या खंडातून आलेला तोच ग्रॅनाइट. आवार बघून गाव ओळखून दाखवा! माझ्या मते झाडं त्याच भागातली आणि दगड, विटा, बांबू जवळपासचे, हाच नियम हवा. अपवाद करायचाय? कारण सांगा आणि करा.
हे शोभेसाठी म्हणत नाहीये. रुईच्या पानावरची काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी कधी निरखून बघा. आधी शीर कुरतडून चीक वाहू देते, मग पुढचं पान निवांत खाते. तिला रुईच्या गोतावळ्यातलंच पान लागतं. शेजारी रांगेने पाम लावा, ती उपाशीच.

उलटीगंगा
पण ‘त्याच भागातली’ म्हणजे कुठल्या मातीतली हो? इमारत उभी राहीपर्यंत वरची माती केव्हाच गेलेली असते. उरतो राडारोडा, सिमेंटच्या चुऱ्याने वाढलेला सामू (पीएच) आणि डंपरखाली दाबून टणक झालेली जमीन. वर भिंतींची धग. जंगलातलं देशी रोप तिथे परकंच. जगेल ते लावा, जन्मदाखला कशाला मागता? लंडनच्या रस्त्यांवर कोळशाची काजळी सोसून उभा राहिलेला ‘लंडन प्लेन’ हा वृक्ष अमेरिकी आणि पौर्वात्य प्लेनचा संकर आहे.

दगडधोंडे
झाडांवरून भांडा खुशाल, पण फरसबंदीकडे कोणी बघतच नाही. जवळच्या खाणीतला दगड आणायचा आणि काँक्रीटच्या थरावर सिमेंटने चिकटवायचा, याला म्हणे ‘स्थानिक साहित्य’! पाणी थेट गटारात. तोच दगड वाळूच्या थरावर बसवला तर पाणी सांध्यांतून मुरतं. मुळाने फरसबंदी उचलली तर तेवढे दोन-चार दगड काढायचे, पुन्हा बसवायचे. आणि जवळची खाण म्हणजेही फोडलेला डोंगरच. पाडकामातला जुना दगड मिळत असेल तर आधी तो.

माळीबुवा
@दगडधोंडे, मान्य, शंभर टक्के.
@उलटीगंगा, माती मेली असेल तर आधी ती सुधारा की! खणून मोकळी करा, पालापाचोळा कुजवा. खडकाळ, खारवट जागी तगणारी देशी झाडंही असतात. नर्सरीत नसतात, कारण कोणी मागत नाही. राहिला जन्मदाखला. शोभेसाठी आणलेली घाणेरी आज किती जंगलांत माजलीये? वॉशिंग्टन परिसरातल्या बागांमधला २०१८ चा अभ्यास बघा. चिकडी नावाचा छोटा पक्षी पिल्लांना अळ्या भरवतो. देशी झाडाझुडपांचा वाटा ७० टक्क्यांच्या खाली गेला की त्याची संख्या टिकत नाही.

उलटीगंगा
अभ्यास एका परिसरातला, एका पक्ष्याचा. तोच आकडा सगळीकडे लावू नका. आणि लावायचाच तर पूर्ण वाचा: ७० म्हणजे १०० नव्हे. उरलेल्या ३० साठी मी भांडतोय. घाणेरी पसरणारी आहे म्हणून वाईट, बाहेरची म्हणून नव्हे. ब्राझीलचे उद्यानरचनाकार रोबेर्तो बुर्ले मार्क्स यांनी तिथल्या रानातली झाडं बागेत आणली, तरी रिओमधल्या कोपाकबाना किनाऱ्यावरच्या पदपथाची लाटांची फरसबंदी पोर्तुगीज पद्धतीचीच ठेवली. बिघडलं काही?

पाणक्या
दोघेही देखभालीचं विसरलात. देशी म्हणजे लावा आणि विसरा, असं नसतं. मुळं खोल जाईपर्यंत रोपाला पाणी लागतंच, तेही निदान पहिले दोन उन्हाळे. ठेकेदाराची जबाबदारी मात्र उद्घाटनापर्यंतच असते. मग झाड वाळतं आणि ‘देशी टिकत नाही’ म्हणत पुन्हा पाम येतो. आधी करारातलं ते कलम बदलून घ्या, मग ७० की १०० ते ठरवा.