आधी चित्र खोलीत, मग पॅरिस

अदिती, छोट्या कॉलेजात परदेशी सत्र आणि संग्रहालय दोन्ही मिळणं कठीण, हे तुझं म्हणणं काही पटलं नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या स्मिथ कॉलेजनं १९२५ सालीच तिसऱ्या वर्षाच्या मुली पॅरिसला पाठवल्या होत्या. त्यांच्या आवारातल्या संग्रहालयात कूर्बे, देगा या फ्रेंच चित्रकारांची चित्रं आहेतच.

ओहायोतल्या ओबर्लिन कॉलेजची तऱ्हा आणखी न्यारी. तिथे १९४० पासून संग्रहालयातली अस्सल चित्रं मुलांना सत्रापुरती भाड्यानं मिळतात, बरीच वर्षं भाडं फक्त पाच डॉलर! पिकासो हाती लागावा म्हणून मुलं आदल्या रात्रीपासून तंबू ठोकून रांगेत. (आपल्याकडे काचेला बोट लागलं तरी शिट्टी वाजते.)

भाचीसाठी कॉलेज बघताना परदेशी सत्राला शिष्यवृत्ती लागू होते का, एवढं मात्र आधी लेखी विचारून घे.