मदत हवी आहे: जुना डिजिटल बायबल अ‍ॅटलास ठेवू की नवी आवृत्ती घेऊ?

खानापूरवाला:
मंडळी, नकाशा आणि संगणक दोन्हींतलं कळणाऱ्यांनी जरा सल्ला द्या.

आमच्या चर्चमध्ये मी संडे स्कूल आणि तरुणांचा बायबल अभ्यास घेतो. त्यासाठी फार पूर्वी सीडीवर घेतलेला अ‍ॅटलास अजून वापरतोय. पण त्याचा इन्स्टॉलर १६-बिटचा, नव्या ६४-बिट विंडोजवर सुरूच होत नाही. चालतो तो फक्त जुन्या लॅपटॉपवर, आणि त्या लॅपटॉपचं आता काही खरं नाही. नवी आवृत्ती आलीय, जुन्या ग्राहकांना सवलतही आहे. तरी डॉलरचा भाव आणि वर कर धरला तर कमिटीपुढं विषय काढायला जीभ रेटत नाही. "पहिला आहे की, त्याला काय झालं?" हे ठरलेलं.

मला सगळ्यात जास्त लागतो तो चढउतार. येशूनं सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीत लुटारूंनी गाठलेला माणूस यरुशलेमेहून यरीहोला उतरत होता. यरुशलेम समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर, म्हणजे आपल्या बेळगावाएवढंच उंच. यरीहो मात्र समुद्रसपाटीच्याही खाली, सुमारे २५० मीटर. पोरांना सांगतो, चोर्ला घाट उतरून गोव्याच्या किनाऱ्याला लागलात असं समजा आणि तिथून अजून २५० मीटर खाली जायचंय. तेही पंचवीसेक किलोमीटरच्या वाटेत, उघड्या बोडक्या डोंगरांतून. मग लुटारू तिथंच का दबा धरून बसायचे ते पोरं आपणच सांगतात. जुन्या अ‍ॅटलासात वाटेचा उभा छेद निघतो, पण अगदी ओबडधोबड. नव्यात डोंगर चहूबाजूंनी फिरवून बघता येतात म्हणे.

दुसरं म्हणजे स्थळं. माझ्याकडं बेथसैदा हे येशूच्या काळचं गाव एट-टेल या टेकाडावर आहे, गालील सरोवराच्या काठापासून बरंच आत. २०१६ पासून काठाजवळच्या एल-अराजला उत्खनन चाललंय आणि खरं बेथसैदा तेच, असं ते खणणारे म्हणतात. दावीद-गल्याथाची लढाई झाली त्या एला खोऱ्यावरचं खिर्बेत कियाफा हे तटबंदीचं जुनं ठिकाण तर माझ्या नकाशात नाहीच, तिथलं खोदकाम २००७ ते २०१३ मधलं. दावीद-गल्याथ शिकवताना ती तटबंदी दाखवायला मिळाली तर काय पाहिजे!

पण खरी गोची वेगळीच आहे. मी नकाशावर मराठी नावं टाकून ठेवलीत. कफर्णहूम, सोर, सीदोन, कर्मेल, सगळी आपल्या शास्त्रात, म्हणजे मराठी बायबलात, आहेत तशी. काही कन्नडमध्येही, कारण बरीच पोरं कन्नड शाळेत जातात. हे सगळं जुन्या फॉन्टात, कुठल्याही संगणकावर वाचता येणारं युनिकोड नव्हे. नव्या आवृत्तीच्या चाचणी प्रतीत फाइल उघडली तर नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला. परत सगळं टंकायचं म्हणजे कठीणच.

आणि पावसाळ्यात आमच्याकडं ना विजेचा भरवसा ना नेटचा, तेव्हा निव्वळ ऑनलाइन चालणारं सुचवू नका. घेऊ का नवा?

निपाणीकर:
सर, पैशाचं नंतर बघा, आधी नावं वाचवा. लॅपटॉप चालू आहे तोवर तुम्ही टाकलेल्या नावांचा थर साध्या मजकूर फाइलमध्ये बाहेर काढा: नाव, अक्षांश, रेखांश. मग मराठी रकाना युनिकोड कन्व्हर्टरमधून काढा. कन्नडचा फॉन्ट वेगळा असणार, तो रकाना आधीच बाजूला करा. त्यातून केएमएल, म्हणजे नकाशावरच्या ठिकाणांची, फाइल बनवली की ती बहुतेक नकाशा-प्रोग्रॅममध्ये चालते. गूगल अर्थ प्रो फुकट आहे, देवनागरी नीट दाखवतो, वाट आखली की उंचीचा आलेखही देतो. ओपनबायबल या वेबसाइटवर शास्त्रातल्या स्थळांची फाइल तयार मिळते, आणि कुठलं स्थळ किती खात्रीचं तेही तिथं दिलंय. नेट असताना आलेखांची चित्रं काढून ठेवा म्हणजे झालं.

एल-अराज आणि कियाफासाठी म्हणाल तर दोन ठिपके हातानं टाका की. तेवढ्यासाठी डॉलर कशाला?

आणि उपग्रहाच्या चित्रांना भुलू नका. मृत समुद्राच्या दक्षिणेला जे निळे चौकोन दिसतात ती पोटॅश-मिठासाठी पाणी आटवायची तळी आहेत. मृत समुद्राची पातळी आज समुद्रसपाटीखाली ४३० मीटरपेक्षाही जास्त, आणि दर वर्षी मीटरभर खाली जातेय. गालील सरोवराच्या उत्तरेचं हुला सरोवर तर १९५० च्या दशकात उपसून टाकलं. येशूच्या काळचा देश दाखवायचा तर तुमच्या जुन्या अ‍ॅटलासातला हातानं रेखलेला नकाशाच बरा.

कॅम्पातली ताई:
दादा, निपाणीकरांचं पटलं, पण जुना लॅपटॉप बंद पडला तर? नव्या मशीनवर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकातच दुसरा संगणक, करून त्यात ३२-बिट विंडोज घाला, सीडी चालेल. नवी आवृत्ती घ्यायचीच तर एकच बघा: तुमची केएमएल ती आत घेते का, आणि मराठी जोडाक्षरं धड दिसतात का. चाचणी प्रतीतच कळेल. नसेल जमत तर कमिटीचा वेळ घेऊ नका.

खानापूरवाला:
दोघांचे आभार. खरेदी तूर्त बाजूला ठेवली. फाइल निघाली, सोर, सीदोन सरळ आले. पण रफार मार खातोय: कर्मेलचं कमेल, यार्देनचं यादेन होतंय. रफार सांभाळणारा कन्व्हर्टर कुणी वापरलाय का?