मदत हवी आहे: भावाला तुरुंगाऐवजी उपचार मिळतील का?
धाकट्या भावावर एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या कलम २७ खाली, म्हणजे सेवनाची केस आहे. तो विकत नाही, व्यसनात अडकलाय आणि उपचाराला स्वतःहून तयार आहे.

कलम ६४अ वाचलं. स्वेच्छेने उपचार घेतले तर खटल्यापासून संरक्षण मिळतं, पण उपचार अर्धवट सोडले की ते जाऊ शकतं. कलम ३९ मात्र दोषी ठरल्यावरचं आहे: शिक्षेऐवजी बंधपत्रावर उपचारासाठी सोडतात. वकील म्हणतात, आधी गुन्हा कबूल करू. मला हे पटत नाही, कारण मग ६४अ चा रस्ताच बंद होईल ना?

ज्यांनी घरच्या माणसासाठी ६४अ खाली अर्ज केलाय, त्यांनी कृपया सांगा: कोणत्या टप्प्यावर केला? उपचार केंद्र सरकारमान्य असल्याचा कोणता कागद जोडला? पुढची तारीख जवळ आलीय, आणि तो रात्र रात्र झोपत नाही.