‘ट्वेल्थ मॅन’चे अल्बम: नक्कल अस्सल, पण नावांची टिंगल कशाला?

खेळपट्टी: बिली बर्मिंगहॅमने ‘ट्वेल्थ मॅन’ या नावाने ऑस्ट्रेलियाच्या चॅनल नाइनवरच्या क्रिकेट समालोचकांची नक्कल करणारे विनोदी अल्बम काढले. १९८७चा ‘वायर्ड वर्ल्ड ऑफ स्पोर्ट्स’ त्यातलाच. रिची बेनॉ, बिल लॉरी, टोनी ग्रेग, सगळे आवाज एकट्याचे. माझ्या मते या तोडीची नक्कल विरळाच. २ बाद २२२ घ्या. ऑस्ट्रेलियात बळी आधी सांगतात. तोच स्कोअर बेनॉच्या तोंडून ‘चू फॉर चू च्वेंटी-चू’ होऊन येतो. ओठ पुढे काढून, जबडा फारसा न हलवता बोललं की ‘ट’ आपसूक ‘च’कडे घसरतो. हे टिपायला कान तयार लागतो.

लेगकटर: उच्चार सापडला, माणूस निसटला. बेनॉंची खरी ओळख म्हणजे गप्प बसणं. चित्रात भर घालता येत असेल तरच बोलायचं, हा त्यांचा नियम. अल्बममधला बेनॉ शिव्या देत सुटतो.

खेळपट्टी: अहो, अल्बमला चित्र आहे कुठं? टीव्हीवर चेंडू सीमेकडे जाताना दिसायचा, म्हणून बेनॉ गप्प बसू शकायचे. नुसत्या आवाजात तीन सेकंद काहीच आलं नाही तर ऐकणाऱ्याला वाटतं, टेप अडकली. तिथं बॅटचा ठक्क आवाज हवा, मग गर्दीची लाट, आणि ती ओसरताना एकच शब्द: ‘मार्व्हलस’. शिव्या तर माइक बंद असतानाच्या आहेत. पडद्यावर माणूस इतका संयमी, म्हणूनच त्या शिव्यांचं हसू येतं.

साउंडबॉक्स: असं काही करून बघणाऱ्यांसाठी: दोन आवाज एका दमात काढू नका. विकेट पडली की लॉरींचा आवाज टिपेला जातो. त्यानंतर घसा ताणलेलाच राहतो आणि पुढच्या वाक्यातला बेनॉ अर्धा लॉरी होतो. प्रत्येक आवाज वेगळ्या ट्रॅकवर घ्या, मग लॉरींच्या शेवटच्या शब्दावर ग्रेगचा पहिला शब्द चढवा. गर्दीचा ट्रॅक मात्र खाली अखंड चालू राहू द्या. संवादाबरोबर तोही कापलात तर प्रत्येक सांध्यावर स्टेडियम क्षणभर रिकामं झाल्यासारखं वाटतं.

लेगकटर: तंत्र मान्य. पण उपखंडातल्या खेळाडूंच्या नावांचं काय? ती मोडूनतोडून इंग्रजी चावट शब्द केलेत. यात समालोचकाचं निरीक्षण कुठं आलं? लांबलचक नावाशी झटापट करणारा समालोचक दाखवला असता तर हसू त्याच्यावर आलं असतं. इथं ते आईबापांनी ठेवलेल्या नावावर येतं.

खेळपट्टी: नावांचा मुद्दा खोडता येत नाही. ते भाग आज ऐकवत नाहीत.

लेगकटर: आणि मसाला काय कमी होता? ग्रेग खेळपट्टीच्या भेगेत किल्ली खुपसून ती किती खोल आहे ते दाखवायचे. लॉरींची व्हिक्टोरियाची तरफदारी आणि कबुतरांचा नाद सगळ्या ऑस्ट्रेलियाला ठाऊक.