पॅड जाड आहेत म्हणजे ब्रेक ठीक?

पॅड-लायनर (चाक थांबवताना घासले जाणारे ब्रेकचे भाग) शिल्लक असले की ब्रेकला हात लावायची गरज नाही, असं या चर्चेत एकाने म्हटलंय. अर्धंच पटलं. ब्रेक ऑइलचा, म्हणजे पेडलचा जोर चाकापर्यंत पोचवणाऱ्या तेलाचा, विषय इथे कुणी काढलाच नाही. हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि मग लवकर उकळतं. डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत न उकळता टिकायला हवं. पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १४० वर येते. कन्नड घाटातून चाळीसगावकडे उतरताना पाय ब्रेकवरच राहिला की कॅलिपर (पॅड दाबून धरणारा भाग) तापतो, ऑइलची वाफ होते, पायाचा जोर ती वाफ दाबण्यातच जातो आणि पेडल सरळ खाली बसतं. पॅड नवेकोरे असले तरी!

आमचे चाळीसगावचे मिस्त्री सर्व्हिसिंगला आधी ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण उघडून दाखवतात. मागच्या वेळी ऑइल कोऱ्या चहासारखं काळपट झालं होतं. पोऱ्याला पेडल दाबायला बसवून त्यांनी चाकाजवळच्या निपलला (ऑइल बाहेर काढायच्या तोंडाला) पारदर्शक नळी लावली, बुडबुडे थांबेपर्यंत जुनं ऑइल काढलं. खर्च फार नाही. दर दोन वर्षांनी ऑइल बदलाच, आणि घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवरच उतरा.