म्यूल डिअर आणि एल्कसाठी एकच रायफल: कॅलिबर कोणतं?

डेन्व्हरवासी
कोलोरॅडोत यंदा म्यूल डिअर (मोठ्या कानांचं हरीण) आणि मादी एल्क (त्याहून बरंच मोठं हरीण), दोन्हींच्या शिकारीचे परवाने मिळालेत. रायफल मात्र एकच घ्यायची आहे. दुकानदार .३०० विन मॅग या जोरदार काडतुसाची सुचवतो, मला ६.५ क्रीडमूर या सौम्य काडतुसाची हाताळायला बरी वाटली. ३०० यार्डांपलीकडे गोळी झाडणार नाही. काय घेऊ?

पाणवठा
कोलोरॅडोचा नियम: कॅलिबर (गोळीचा व्यास) किमान .२४ इंच, लागल्यावर पसरणारी गोळी, तिचं वजन हरणाला किमान ७० ग्रेन, एल्कला ८५, आणि १०० यार्डांवर किमान १००० फूट-पाउंड ऊर्जा. दोन्ही काडतुसं त्यात आरामात बसतात, म्हणून निवड एल्क बघून करा. एल्कला जे पुरतं ते हरणाला पुरतंच.

एल्कसाठी शिकारी १५०० फूट-पाउंडांचा आडाखा धरतात. क्रीडमूरची १४३ ग्रेनची गोळी ३०० यार्डांवर साधारण १६५० राखते. चालेल, पण हाताशी फार उरत नाही. .३०-०६ या मधल्या ताकदीच्या काडतुसाची १८० ग्रेनची गोळी तिथे १८०० च्या वर असते, जड असते, हाड लागलं तरी आत खोल जाते. मी तीच घेईन. गोळी बाँडेड (शिशाचा गाभा वेष्टनाला पक्का जोडलेली) किंवा अख्ख्या तांब्याची घ्या. साधी शिसाची गोळी मॅग्नमच्या (.३०० विन मॅगसारख्या जोरदार काडतुसाच्या) वेगात जवळून खांद्यावर बसली की तिथेच फुटू शकते, फुप्फुसापर्यंत पोचत नाही. जनावर जखमी होऊन निघून जातं.

देवदार
गोळी सुटताना खांद्याला बसणाऱ्या धक्क्याचा हिशोब राहिला. आठ पाउंडांच्या रायफलीत क्रीडमूर १२-१३ फूट-पाउंड धक्का देते, .३०-०६ सुमारे २०, .३०० विन मॅग २५ च्या वर. नवख्याचा डोळा घोडा दाबण्याआधीच मिटतो आणि गोळी पोटात जाते. पोटात लागलेल्या मॅग्नमपेक्षा फुप्फुसात बसलेली क्रीडमूर केव्हाही बरी. मादी एल्कला ती पुरते. फक्त २५० यार्डांपलीकडे झाडू नका आणि जनावर तुमच्याकडे पूर्ण कूस करून उभं राहीपर्यंत थांबा. नेम पुढच्या पायामागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात.

डेन्व्हरवासी
.३०-०६ चा धक्का मला झेपतो का, हे कसं ओळखू?

पाणवठा
उधार किंवा भाड्याने घेऊन बघा. टेबलाचा आधार नको. बसून, आठ इंचांच्या कागदी ताटलीवर पाच गोळ्या. मित्राला तुम्हाला न कळवता मध्येच डमी (बार न होणारं) काडतूस भरायला सांगा: त्या वेळी नळी खाली झुकली तर तुम्ही दचकताय. मग देवदार म्हणतात तसं क्रीडमूरच घ्या. पाचही गोळ्या ताटलीत बसतात ते सर्वांत लांबचं अंतर हीच तुमची मर्यादा, मग ती १५० यार्ड का असेना. .३०-०६ ला झीरो (नेम आणि गोळी जिथे जुळतात ते अंतर) २०० यार्डांवर ठेवलात तर १०० वर गोळी दोनेक इंच वर लागते, ३०० वर आठेक इंच खाली. सरावालाही शिकारीचंच काडतूस वापरा, कारण ब्रँड बदलला की झीरो सरकतो.